तुझ्या आईला सांग

ठोंब्याला अजून वर्ष व्हायचं होतं, पण घरात तो केव्हाच कामाला लागला होता. काम निरोप्याचं. मोबदला दूध. रजा नाही. आईचं जे काही बाबांना सांगायचं असेल आणि बाबांचं जे काही आईला, ते सगळं त्याच्यामार्फत जायचं. म्हणजे बाबा त्याला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहणार आणि त्याच्या कानात, पण खालच्या मजल्यावरही ऐकू जाईल अशा बेतानं म्हणणार, "तुझ्या आईला सांग, गॅसचा वास येतोय." आई ओट्याकडे तोंड करून म्हणणार, "बाबांना सांग, आईला नाक आहे." ठोंब्या आळीपाळीनं दोघांकडे बघायचा आणि लाळ गाळायचा. निरोप पोचल्याची खूण म्हणजे ती लाळ.

व्यवस्था झकास चालली होती. भांडण म्हणून नाही, आवाज चढणं नाही, दार आपटणं नाही. येणारेजाणारे म्हणायचे, किती बोलता हो तुम्ही बाळाशी! पुस्तकात लिहितात ना, बाळाशी बोलावं म्हणून, अगदी तस्सं.

अबोल्याचं मूळ एका विनोदात होतं आणि विनोद चांगला होता. निदान सोफाचं तसं मत होतं. सोफा म्हणजे ठोंब्याचे बाबा. एका मोठ्या फर्निचरच्या दुकानात तो विक्रीला होता आणि गिऱ्हाइकापुढे दिवसातून इतक्यांदा बसून दाखवायचा, की दुकानात त्याचं नाव सोफा पडलं. पुढे ते मित्रांत गेलं, मित्रांच्या बायकांत गेलं, आणि शेवटी सासूबाईसुद्धा लेकीला फोनवर विचारायला लागल्या, "सोफा आहेत का गं घरात?" मान म्हणून अनेकवचन.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर प्लायवूडच्या आडव्याउभ्या भिंती घालून खोल्या केलेल्या होत्या. बैठकीच्या खोल्या, झोपायच्या खोल्या, एक मुलांची खोली. टीव्ही पुठ्ठ्याचा. कपाटातली पुस्तकं आतून पोकळ. परडीतली सफरचंदं प्लॅस्टिकची, आणि गिऱ्हाइकांच्या पोरांनी त्यांना घेतलेले चावे मात्र खरे. ह्या घरांतून सोफा दिवसभर हिंडायचा आणि सांगायचा, इथे तुम्ही संध्याकाळी चहा घेत बसाल, इथे गप्पा माराल. नवी जोडपी पलंगाच्या मधोमध बसायची आणि लाजायची. जुनी जोडपी दोन टोकांना बसायची आणि गादीची वॉरंटी विचारायची.

तर तो विनोद. एका मित्रानं नवं घर घेतलं होतं, पाचपंचवीस माणसं जमली होती, प्रत्येकाच्या हातात कप होता. कुणीतरी म्हणालं, "सोफा, जरा ते दुकानातलं करून दाखव की." सोफानं बायकोच्या खांद्यावर हात ठेवला, विक्रीचा आवाज काढला आणि म्हणाला, "हे आमचं जुनं मॉडेल. हल्ली जरा जागा जास्त खातं. हलवलं की आवाज करतं. पण काय करता, एक्सचेंज ऑफर बंद झाली!"

लोक हसले. ठोंब्याच्या आईचं बाळंतपण होऊन फार दिवस झाले नव्हते आणि त्या संध्याकाळी तिचा एकच ड्रेस अंगाला झाला होता, तोही श्वास धरून. तिनं कप खाली ठेवला. हसली. म्हणाली, "आणि हे बाहेरून सागवान. आतून भुसा. जरा पाणी लागलं की फुगतं."

लोक जास्त हसले. एकाला तर ठसका लागून बाहेर न्यावं लागलं.

आता हिशेब बघा. सोफाच्या मते तिच्या वाक्याला हशा मोठा मिळाला, म्हणजे ती जिंकली, म्हणजे माफी तिनं मागायला हवी. तिच्या मते तिनं नुसतं उत्तर दिलं होतं. प्रश्न कुणी काढला? दोघंही माफीची वाट बघत बसली. आधी तासभर, मग दिवसभर, मग सवय लागली. मधे एकदा ठोंब्याचा लंगोट बदलताना सोफाच्या तोंडून सहज निघालं, "तुझ्या आईला सांग, पावडर संपली." दुसऱ्या दिवशी पावडर आली. तेव्हापासून ठोंब्याची नेमणूक कायम झाली.

आणि मग निरोप्या आजारी पडला.

सुरुवात शिंकेनं झाली. ठोंब्या शिंकला, स्वतःच्या शिंकेला घाबरला आणि रडला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दोन्ही नाकपुड्या वाहत होत्या आणि अंग तव्यासारखं तापलं होतं. त्याची आई तेव्हा कामावर. ती बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती, पाळी सकाळची. उजाडताना जायची, दुपारी परत यायची; ती आली की सोफा निघायचा. मशीनचा आवाज तिथं एवढा, की बायका एकमेकींशी हातवारे करूनच बोलायच्या, आणि घरी आल्यावरही बराच वेळ तिच्या कानात घूं चालू असायचं.

सोफानं ठोंब्याच्या कपाळाला हात लावला. मग स्वतःच्या कपाळाला. मग खात्री करावी म्हणून फ्रिजला. फ्रिज गार होता. थर्मामीटर काखेत धरायला गेला तर ठोंब्यानं असा काही हिसका दिला की थर्मामीटर पलंगाखाली, आणि तो काढायला सोफा पलंगाखाली. शेवटी एकदाचा ताप मोजला. चांगलाच होता. दुपारी दारात किल्ली वाजली तसा तो ठोंब्याला घेऊन सामोरा गेला.

"तुझ्या आईला सांग," तो म्हणाला, "तुला ताप आलाय."

ठोंब्यानं आईकडे पाहिलं आणि टाहो फोडला. निरोप इतका चोख त्यानं ह्याआधी कधी दिला नव्हता.

"आईला दिसतंय म्हणावं," ती म्हणाली. पिशवी दारातच टाकून, केसांची जाळीसुद्धा न काढता ती त्याला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली.

संध्याकाळी सोफा परतला तेव्हा ती ठोंब्याला समोर बसवून शिकवणी घेत होती. "हे बघ ठोंब्या, हे तापाचं औषध. ड्रॉपरमधे ह्या रेघेपर्यंत घ्यायचं. ताप असला तरच. एकदा दिलं की सहा तास पुन्हा द्यायचं नाही म्हणजे नाही. हे नाकात टाकायचे थेंब. आणि हा रबरी फुगा, ह्यानं तुझा शेंबूड ओढायचा." ठोंब्या मन लावून ऐकत होता आणि खोक्याचा कोपरा खात होता. सोफा टीव्ही बारीक करून बसला होता. सगळं त्याला कळलं. पुढे जे झालं ते न कळल्यामुळे झालं नाही, हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती निघताना ठोंब्याच्या पाळण्याशी वाकून म्हणाली, "बाबा उठले की सांग हं, औषध दिलंय." बाबा शेजारच्या पलंगावर उशी डोक्यावर घेऊन घोरत होते. ठोंब्यानं ऐकलं, आणि तोही झोपला.

सोफा उठला तेव्हा ठोंब्याचं अंग अजून कढत होतं. त्यानं बाटली घेतली, ड्रॉपर रेघेपर्यंत भरला आणि थांबला.

दिलं असेल का तिनं?

प्रश्न साधा होता. फोन करावा, तर पाळीच्या वेळात फोन कपाटात बंद. मुकादमीणबाईंना करावा, तर "माझ्या बायकोला एवढं विचारता का" हे वाक्य दुपारपर्यंत सगळ्या कारखान्यात हातवाऱ्यांनी फिरलं असतं. ती आल्यावर स्वतः विचारावं, तर तेच तर करायचं नव्हतं. विचारलं म्हणजे बोललो. बोललो म्हणजे हरलो. चिठ्ठी लिहावी, तर चिठ्ठी म्हणजे तरी काय, हातानं बोलणंच. सोफा ड्रॉपर धरून उभा राहिला. विसरली असेल, त्यानं ठरवलं. घाईत असते. आणि चुकून दिलं असलंच, तर एक ड्रॉपर इकडचा तिकडचा. कमी पडण्यापेक्षा जास्त झालेलं बरं. हा दुकानातला नियम होता. खिळा एक कमी नको, जास्त चालेल.

त्यानं औषध दिलं. ठोंब्यानं अर्धं गिळलं, अर्ध्याचा फुगा केला, तो सोफानं बोटानं पुन्हा आत लोटला.

दुपारी ती दारात आली त्याआधी थोडा वेळ त्यानं पुन्हा एकदा दिलं, आणि अदलाबदल करताना सांगितलंही, "तुझ्या आईला सांग, आत्ताच दिलंय औषध." पण त्याच वेळी ठोंब्याच्या नाकात रबरी फुगा होता आणि तो जिवाच्या आकांतानं ओरडत होता. निरोप्यानंच निरोप बुडवला. आईच्या कानात बिस्किटांचं मशीन घूं करत होतं. सोफाचे ओठ हलताना तिला दिसले. काय म्हणालास, एवढंच विचारायचं होतं. ती ठोंब्याला घेऊन आत गेली, त्याचं कपाळ चाचपलं आणि ड्रॉपर भरला.

असं दोन दिवस चाललं. दोघंही इतकी काळजी घेत होती की बघणाऱ्याला भरून यावं. ती ओल्या फडक्यानं त्याचं अंग पुसायची. तो घरी आला की तोही पुसायचा. तिनं नाकात थेंब टाकले की तासाभरात तोही टाकायचा. ठोंब्या म्हणजे दोन्ही टोकांनी पाणी घातलेलं झाड झाला होता. एवढं घट्ट एकत्र कुटुंब त्या इमारतीत दुसरं नव्हतं. फक्त कुटुंबातली माणसं एकमेकांना भेटलेली नव्हती.

बाटली भराभर उतरायला लागली. हे सोफाच्या लक्षात आलं, आणि त्याला रागच आला.

"तुझ्या आईला सांग," तो दारात ठोंब्याला म्हणाला, "औषध पाजायचं असतं. सांडायचं नसतं."

"बाबांना सांग," ती ओट्यावरून म्हणाली, "स्वतःचे हात थरथरतात त्यांनी दुसऱ्यांना शिकवू नये. अर्धी बाटली फरशीला पाजली म्हणावं."

"आईला सांग, फरशीचा ताप उतरलाय."

"बाबांना सांग, फरशीशीच लग्न करायचं होतं. तीही आडवी पडूनच असते."

सोफाला ह्यावर एक फार छान उत्तर सुचलं होतं. ते द्यायच्या नादात त्यानं बाटलीकडे पुन्हा बघितलं नाही. फरशी कोरडी होती. फरशी पहिल्यापासून कोरडीच होती. पण फरशीकडे बघायला वेळ कुणाला होता?

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. उतरणारच. सोफा शीळ घालत दाढी करत होता. आपण वेळच्या वेळी औषध दिलं म्हणून हे झालं, ती तर विसरतच होती, असं त्याच्या मनात होतं. दुपारी ती आली, कपाळाला हात लावून मान हलवली, आणि तिच्याही मनात तेच होतं हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. ठोंब्या तिच्या खांद्यावर मान टाकून पडला होता. सकाळपासून त्याला दोनदा उलटी झाली होती. सर्दीचं असेल, पोटात गेलेला कफ असेल, असं सोफानं स्वतःला समजावलं होतं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. काकू घरी शिवणकाम करायच्या. टाचण्या तोंडात धरायची सवय असल्यानं रिकाम्या तोंडानंही त्या दात मिटूनच बोलायच्या. सोफाच्या पँटची उंची घ्यायची राहिली होती म्हणून आल्या होत्या. गळ्यात टेप, हातात खडू.

"ह्याला काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"बरा झालाय," सोफा म्हणाला. "ताप गेला."

"बरं झालेलं पोर घर डोक्यावर घेतं. ह्यानं डोकं टाकलंय." त्यांनी ठोंब्याच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. ठोंब्यानं पाय ओढून घेतला नाही. "दूध कधी घेतलं?"

"बाबांना विचार," आई ठोंब्याला म्हणाली, "सकाळपासून दूध कितीदा घेतलं."

"आईला सांग, घेतलंच नाही. रात्रीही नव्हतं घेतलं का, ते विचार."

काकूंनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. दात मिटलेलेच. "अरे, त्याला काय विचारताय मेल्यांनो? उठा आणि डॉक्टरकडे पळा!"

टॅक्सीत दोघं दोन टोकांना बसली. मधे आईच्या मांडीवरून ठोंब्याचे पाय लोंबत होते. ठोंब्या डोळे अर्धे मिटून होता. "बाबांना सांग, काच वर करा," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच काढायला गेली, पण 'वर'वर तो फाटला. सोफानं काच वर केली. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं आणि बाळ बोलायला लागलंय की काय म्हणून मान वळवली.

डॉक्टरीणबाई वयानं लहान आणि आवाजानं मोठ्या होत्या. त्यांनी ठोंब्याचं पोट दाबून पाहिलं, पापणी ओढून डोळे पाहिले आणि विचारलं, "तापाचं औषध शेवटचं कधी दिलं?"

"आज पहाटे," आई म्हणाली.

"आज सकाळी," सोफा म्हणाला. "आणि मगाशी, निघायच्या थोडं आधी. ताप नव्हता, पण पुन्हा येऊ नये म्हणून."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा सरळ, मधे कुणाला न धरता.

"पहाटे दिलं होतं मी," ती म्हणाली.

"मला काय माहीत?"

"सांगितलं होतं."

"कुणाला?"

तिनं ठोंब्याकडे बघितलं. सोफानंही बघितलं. डॉक्टरीणबाईंनीही बघितलं, का ते न कळता.

"एक मिनिट," त्या म्हणाल्या. "काल? परवा?"

"दुपारी कामावरून आले की मी द्यायचे."

"दुपारी तू यायच्या आधी मी द्यायचो."

"रात्री मी…"

"रात्री मीही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही एकाच घरात राहता ना?"

दोन घरचा पाहुणा उपाशी, असं आपल्यात म्हणतात. हा एकाच घरातला पाहुणा, पण यजमान दोन, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या पंगतीचा पत्ता नाही. ह्याला दोनदा वाढलं गेलं होतं.

"हे औषध जास्त झालं की यकृतावर येतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता हळू आवाजात, आणि तो मोठ्या आवाजापेक्षा वाईट होता. "लगेच दिसत नाही. रक्त तपासावं लागेल. रिपोर्ट येईपर्यंत काही सांगता येणार नाही. वाट बघत बसणार नाही मी, उतारा आत्ताच सुरू करते, शिरेतून. आणि मला नक्की कळलं पाहिजे कितीदा दिलं ते. बाहेर बाकावर बसा. दोघं. एकमेकांशी बोला. आणि मग मला येऊन सांगा."

त्यांना काय, सहज म्हणाल्या.

बाहेरचा बाक स्टीलचा होता, भोकंभोकं पाडलेला. सोफाच्या मनात धंद्याच्या सवयीनं येऊन गेलं, पाठीला आधार नाही, कोपरे नीट घासलेले नाहीत. आत ठोंब्या किंचाळला. सुई लागली असणार. दोघं एकदम उठली, दाराशी गेली, परिचारिकेनं हातानंच बसा म्हणून सांगितलं, दोघं एकदम बसली. कुठल्याही गोष्टीत इतकं एकमत त्यांचं लग्नातही झालं नव्हतं.

मग हिशेब सुरू झाला.

"पहिल्या दिवशी रात्री," ती म्हणाली.

"तू दिलंस?"

"दिलं. तू?"

"तू झोपलीस मग दिलं."

"परवा पहाटे मी."

"मी उठल्यावर."

"दुपारी."

"दोघांनी."

"संध्याकाळी मी एकटीनं."

"मी आल्यावर पुन्हा."

पत्ते टाकावेत तसं एकेक टाकत होती दोघं, आणि प्रत्येक डावात दोघंही हरत होती. शेवटी आकडा झाला. तो त्यांनी मोठ्यानं म्हटला नाही, चिठ्ठीवर लिहून परिचारिकेच्या हाती आत पाठवला.

"म्हणजे फरशीवर सांडलं नव्हतं," सोफा म्हणाला.

ती हसली. म्हणजे हसायला लागली, आणि ते हसू मधेच कुठेतरी वळलं आणि तिनं ओढणी तोंडात कोंबली. सोफानं हात पुढे केला. तिच्या खांद्यावर ठेवणार होता. पण खांदा तोच होता, त्या दिवशी विक्रीचा आवाज काढताना ज्याच्यावर हात ठेवला होता तो. हात बाकावर ठेवला. स्टील गार होतं.

"मला वाटलं होतं विचारावं," तो म्हणाला. "ड्रॉपर हातात होता. वाटलं होतं."

"मलाही वाटलं होतं."

"मग?"

"मग काय? तुझे ओठ हलताना दिसले मला दारात. म्हटलं असेल काही तरी टोमणा. पुन्हा कशाला विचारायचं?"

"विचारायचं होतंस."

"तू उठवायचं होतंस ना मग मला, काल रात्री? शेजारीच तर झोपले होते मी."

काल रात्री ती जागी होती हे सोफाला माहीत होतं. जागी होती म्हणूनच तो ती झोपलीय असं धरून चालला होता. आणि पहाटे तो स्वतः घोरत होता, ते घोरणं कितपत खरं होतं, हे त्याचं त्याला माहीत होतं. उशी डोक्यावरून अर्धी सरकली होती. 'सांग हं' एवढं कानात आलं होतं. टोमणाच असणार, असंच त्यालाही वाटलं होतं.

हे त्यानं सांगितलं नाही.

रिपोर्ट संध्याकाळी आला, बरा नव्हता, फार वाईटही नव्हता. ठोंब्या दोन दिवस तिथे राहिला, हाताला पट्टी, पट्टीला नळी. दुसऱ्या दिवशी त्यानं नळी ओढायचा प्रयत्न केला, परिचारिकेचा चष्मा काढला आणि आख्खी बाटली दूध प्यायला. तिसऱ्या रिपोर्टनंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यकृत ठीक आहे. घरी न्या. नशीब थोर म्हणायचं." दोघं एकदम थँक्यू म्हणाली. "मला नका म्हणू," त्या म्हणाल्या. "आणि हो, सर्दी अजून आहे. नाकातले थेंब चालू ठेवा. एकानं द्यायचे. दुसऱ्यानं विचारायचं. तोंडानं. एकमेकांच्या."

घरी तसंच झालं. तंतोतंत.

"दिलेस?"

"दिले."

"कधी?"

"आत्ता."

"बरं."

दिवसातून तीनदा. खालून काकूंनी ऐकलं आणि दोघांचं मिटलं म्हणून सगळ्या इमारतीत सांगून टाकलं. टाचण्या तोंडात होत्या तरी सांगितलं. ठोंब्याला कुणी काही सांगेनासं झालं. तो बिचारा अदलाबदलीच्या वेळी दारात तोंड वर करून थांबायचा, आईकडे बघायचा, बाबांकडे बघायचा. निरोप नाही. नोकरी गेली होती.

मग सर्दीही गेली. थेंबांची बाटली संपली, तिनं ती केरात टाकली, आणि घरात बोलायला काही उरलं नाही.

सोफानं वाक्य तयार केलं होतं. दुकानात सकाळी गिऱ्हाईक नसताना तो कोपऱ्यातल्या झोपायच्या खोलीत जायचा आणि पलंगाच्या उशाकडच्या फळीला म्हणायचा, "त्या दिवशी मी बोललो ते चुकलं. विनोद नव्हता तो." एकदा मागून एक बाई म्हणाल्या, "अहो, काही हरकत नाही, पण ह्यात सामान ठेवायला कप्पा आहे का?" त्यानं कप्पा उघडून दाखवला. पलंग विकला गेला. वाक्य राहिलं.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी ती ओट्याशी भाजी चिरत होती. सोफानं ठोंब्याला उचललं आणि दारात जाऊन उभा राहिला. ठरवून उभा राहिला नाही. पाय त्याच जागी गेले. घसा खाकरला. सुरीची टकटक हळू झाली.

"तुझ्या आईला," तो म्हणाला, आणि जीभ चावली. हे नाही करायचं. हेच नाही करायचं. "तुझ्या आईला…"

ठोंब्या कितीतरी दिवस वाट बघत होता. त्यानं बाबांच्या तोंडाकडे बघितलं, मग मान वळवून आईच्या पाठीकडे, आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाला, "तांग."

सुरी थांबली.

"तांग," ठोंब्या म्हणाला. त्याचा पहिला शब्द. मुलं आई म्हणतात, बाबा म्हणतात, कुणी काऊ म्हणतं. "तांग, तांग."

ती वळली. हातात सुरी तशीच. ठोंब्याकडे तिनं पाहिलंच नाही. सोफाकडे पाहिलं, त्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत पाहिलं होतं तसं.

"काय सांगायचंय?" तिनं विचारलं. त्याला विचारलं.

वाक्य तयार होतं. पाठ होतं. फळीला इतक्यांदा म्हटलेलं होतं, की झोपेतून उठवलं असतं तरी आलं असतं. तिच्या हनुवटीला भाजीचा एक हिरवा तुकडा चिकटला होता. ती वाट बघत होती. तिचे डोळे असे होते, की आता जे येईल ते ती घेईल, नुसतं यायला हवं.

"नाकातले थेंब," सोफा म्हणाला. "दिलेस का?"

तिला कळायला थोडा वेळ लागला.

"संपले परवा," ती म्हणाली.

"बरं."

ती पुन्हा ओट्याकडे वळली. टकटक सुरू झाली, आधीपेक्षा जराशी जोरात. सोफा दारातच उभा राहिला, कारण जायला दुसरी खोली होती पण तिथेही तोच असणार होता. ठोंब्यानं त्याच्या शर्टाला नाक पुसलं. कामावर तो आता पुन्हा रुजू झाला होता आणि ह्या खेपेला शिकून आला होता.

"तांग," तो म्हणाला, एकदा इकडे तोंड करून, एकदा तिकडे.